टी-शर्टच्या दोन्ही बाजूंना ट्रान्स्फर: पाठ आधी, छाती नंतर

बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाखात असते. तिच्या महिनाभर आधीपासून मंडळांची पोरे दुकानात यायला लागतात आणि मागणी बहुतेक एकच असते: "काका, मागं मोठं नाव, पुढं छातीवर बारीक लोगो." चित्ररथांची मिरवणूक पार पडते न पडते तोच गणेशोत्सवाची विचारणा सुरू होते, मग टेनिस बॉलच्या स्पर्धा, कबड्डीचे संघ, खानापूर-निपाणीकडच्या कॉलेजांची गॅदरिंग. एकाच बाजूने छापलेला टी-शर्ट आता फारसा कोणी मागत नाही. ज्यांनी नुकतीच हीट प्रेस, म्हणजे तयार चित्र (ट्रान्स्फर) उष्णतेने टी-शर्टवर दाबून बसवायचे मशीन, घेतली आहे किंवा घरातल्या एका खोलीत हे काम सुरू करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंच्या छपाईची पूर्ण पद्धत इथे देतो.

एका बाजूचे काम हातात बसले की दुसरी बाजू म्हणजे तेच पुन्हा एकदा करायचे, असे वाटते. पण दुसरी बाजू दाबताना पहिली बाजूही तापत असते. ट्रान्स्फरचा गोंद उष्णतेने वितळतो म्हणून तर तो कापडाला धरतो. तोच गोंद पुन्हा तापला की पुन्हा मऊ पडतो. मऊ पडलेल्या छपाईवर दाब आला की ती मशीनच्या खालच्या प्लेटवरच्या रबरी गादीला चिकटते, तिच्यावर गादीचा पोत उमटतो, कडा सरकतात, चमक बदलते. म्हणून या कामात खरे कौशल्य पहिल्या बाजूला दुसऱ्या बाजूच्या उष्णतेपासून वाचवण्याचे आहे. कोणती बाजू आधी घ्यायची, टी-शर्ट मशीनवर कसा चढवायचा, कागद कुठे घालायचा, हे सगळे त्यावरून ठरते.

कापड बघून ट्रान्स्फर ठरवा

आपल्याकडे तीन प्रकारची कामे चालतात. पहिले डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. यात रंगीत चित्र फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची पावडर वितळवून घेतात आणि ती फिल्म टी-शर्टवर दाबतात. कॉटन असो की पॉलिस्टर, काळा असो की पांढरा, सगळ्यांवर चालते. स्वतःकडे प्रिंटर नसला तरी तयार फिल्म मीटरच्या भावाने छापून मिळते. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे व्हिनाइल, म्हणजे गोंद असलेली एकरंगी शीट: तिच्यातून अक्षरे, नावे, नंबर प्लॉटर या यंत्रावर कापून दाबायचे. तिसरे सब्लिमेशन. यात शाईचा उष्णतेने वायू होतो आणि तो धाग्यात शिरतो, त्यामुळे छापलेल्या जागी हाताला काहीच लागत नाही. पण हे फक्त पांढऱ्या किंवा फिकट पॉलिस्टरवर. कॉटनवर सब्लिमेशन धरत नाही, पहिल्या काही धुण्यांतच निघून जाते.

तापमानाचे आकडे साधारण असे धरा. डीटीएफसाठी १५० ते १६० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद. व्हिनाइलसाठीही जवळपास तेवढेच. सब्लिमेशनसाठी १९० ते २०० अंश आणि ४५ ते ६० सेकंद, दाब मात्र हलका. फिल्म किंवा व्हिनाइलचा रोल ज्याच्याकडून घेता त्याने वेगळा आकडा सांगितला असेल, तर तोच पाळा.

एकाच टी-शर्टवर दोन प्रकार येणार असतील, समजा पाठीवर सब्लिमेशनचे मोठे चित्र आणि छातीवर डीटीएफचा लोगो, तर जास्त तापमानाचे काम नेहमी आधी करायचे. उलट केले तर १५० अंशांवर बसलेला लोगो २०० अंशांत पुन्हा भाजला जाईल.

भगव्या टी-शर्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त खप त्याचाच आणि सर्वांत जास्त तक्रारीही त्याच्याच. ड्रायफिटचे भगवे कापड म्हणजे पॉलिस्टर. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात, ते रंगही उष्णतेने वायू होऊन सुटतात; सब्लिमेशनची शाई ज्या गुणावर चालते, तोच हा गुण. त्यामुळे भगव्या ड्रायफिटवर पांढरी अक्षरे दाबली की खालचा रंग हळूहळू वर चढतो. मशीनवरून काढताना अक्षरे शुभ्र दिसतात. दुसऱ्या दिवशी किंवा आठवडाभराने तीच अक्षरे पिवळसर-गुलाबी होतात. दोन्ही बाजूंच्या कामात पहिल्या बाजूला दोनदा उष्णता बसते, त्यामुळे पाठ छातीपेक्षा जास्त रंगलेली दिसते आणि एकाच टी-शर्टवर पांढऱ्याच्या दोन छटा होतात. लाल आणि मरून रंगाचेही तसेच.

यावर सोपा उपाय म्हणजे मंडळाला कॉटनकडे वळवणे; सुती भगव्यात हा त्रास नसतो. ड्रायफिटच हवे असेल तर कमी तापमानाची, १३० अंशांच्या आसपास बसणारी फिल्म घ्यावी, किंवा खाली गडद थर असलेले, रंग अडवणारे ट्रान्स्फर मागावे. त्याला ब्लॉकर म्हणतात. कोणतेही घेतले तरी आधी एकच टी-शर्ट दोन्ही बाजूंनी छापा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवून द्या. मगच गठ्ठ्याला हात लावा.

कॉटनमध्ये १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा) बायोवॉश, म्हणजे लव काढून गुळगुळीत केलेला, कपडा दोन्ही बाजूंच्या छपाईला चांगला. त्याहून बराच पातळ पांढरा टी-शर्ट घेतला तर पाठीवरचे काळे चित्र पुढून पुसट दिसत राहते. गिऱ्हाइकाला हे आधी हातात धरून, उजेडासमोर दाखवावे.

मशीन पारखून घ्या

दोन्ही बाजूंच्या कामासाठी मशीन घेताना खालच्या प्लेटच्या खाली बघा. ती प्लेट मध्ये एकाच खांबावर उभी असेल आणि चहूबाजूंनी खाली मोकळी जागा असेल, तर टी-शर्ट तिच्यावर चढवता येतो. स्वस्तातल्या काही मशीनमध्ये प्लेट थेट सांगाड्यावर बसवलेली असते आणि खाली कापड जायला जागाच नसते. तिथे टी-शर्टचे दोन्ही पदर एकावर एक ठेवूनच दाबावे लागते. अशा मशीनवर काम होत नाही असे नाही, पण कटकट वाढते. ती कशी सांभाळायची ते पुढे येईल.

वरची प्लेट बिजागरीवर उघडते की बाजूला फिरते, हाही फरक आहे. बाजूला फिरणाऱ्या मशीनमध्ये टी-शर्ट मांडताना हातावर तापलेली प्लेट नसते आणि दाब सगळीकडे सारखा पडतो. बिजागरीच्या मशीनला जागा कमी लागते, पण जाड कापडावर मागच्या बाजूला दाब जास्त आणि पुढे कमी येतो. टी-शर्टला दोन्ही चालतात. हुडी करायची असेल तर फिरणारे घ्या.

१५ बाय १५ इंचाचे मशीन साधारण दीड ते दोन किलोवॅट वीज ओढते. त्याला अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नका, वायर तापून वितळते.

स्क्रीनवर दिसणारे तापमान आणि प्लेटचे खरे तापमान यांत फरक असतो, आणि चारही कोपऱ्यांत ते सारखे नसते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर मध्यभाग आणि कोपरे मोजा. टेफ्लॉनच्या काळ्या लेपावर आकडे बऱ्यापैकी खरे येतात, उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटे. थंड कोपरा सापडला की तो लक्षात ठेवा आणि डिझाइन तिथपर्यंत नेऊ नका. दाब तपासायला कागदाचे चार तुकडे चार कोपऱ्यांत ठेवून मशीन बंद करा, म्हणजे वरची प्लेट खाली दाबा, आणि एकेक ओढून बघा. सगळे सारख्याच ताकदीने अडले पाहिजेत. एखादा सहज निघाला तर तिथली छपाई धुण्यात सुटणार.

बाकी सामान थोडे: बटर पेपर, टेफ्लॉन शीट, उष्णता सोसणारी टेप, कापडावरचा कचरा उचलणारा चिकट रोलर, मोजपट्टी, सुती हातमोजे, आणि शिवणीची उंची भरून काढायला टेफ्लॉनच्या कापडात गुंडाळलेली फोमची उशी.

दोन लिप्या, दोन फाइली

सीमाभागात हा भाग वगळून चालत नाही. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, किंवा एकाच लोगोत दोन्ही, अशी ऑर्डर नेहमीची. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो तो युनिकोडमध्ये. छपाईवाल्याच्या संगणकावर मराठीला श्री-लिपी आणि कन्नडला नुडी किंवा बरहा ही सॉफ्टवेअर असण्याची शक्यता जास्त; त्यांचे जुने फॉन्ट युनिकोडचे नसतात. इकडून तिकडे नेताना काना-मात्रा उडतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले अक्षर दिसते. म्हणून फिल्म छापायला पाठवण्यापूर्वी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, बदलून घ्यावा आणि दोन्ही बाजूंचे चित्र एकाच पानावर ठेवून गिऱ्हाइकाकडून लेखी होकार घ्यावा. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या. शेजारी, गल्लीतला दुकानदार, कोणीही चालेल, पण त्याने अक्षर न् अक्षर वाचलेले असले पाहिजे.

व्हिनाइल कापताना दोन्ही लिप्या वेगळ्या वागतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात राहतो, जादा व्हिनाइल भराभर निघते. पण अक्षर, मात्रा आणि शिरोरेषा हे संगणकात वेगवेगळे आकार असतात. ते आधी वेल्ड करून एकजीव केले नाहीत तर प्लॉटर शिरोरेषेच्या आतही कापत जातो आणि शब्दाचे तुकडे पडतात. कन्नडला शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर सुटे, शिवाय अक्षराखाली बसणारी जोडाक्षरांची बारीक रूपे. ती जादा व्हिनाइलबरोबर निघून जातात आणि पटकन लक्षातही येत नाही. अक्षराची रेघ कुठेही दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. बारीक मजकूर असेल तर व्हिनाइलचा हट्ट सोडून डीटीएफ घ्या.

व्हिनाइल आणि सब्लिमेशनसाठी चित्र उलटे, म्हणजे मिरर करून घ्यायचे असते. दोन फाइली असल्या की एक मिरर होते आणि दुसरी तशीच राहते. दोन्हींवर वेगवेगळी खात्री करा.

मापे

टी-शर्ट उभा मधोमध दुमडा. दोन्ही खांदे एकमेकांवर, दोन्ही काखा एकमेकींवर आल्या पाहिजेत. घडीवर हाताने दाब द्या किंवा गरम प्लेटखाली दोन सेकंद धरा. या एकाच घडीने पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पदरांवर मध्यरेषा उमटते आणि दोन्ही बाजूंची डिझाइने एकमेकांच्या बरोबर मागे-पुढे येतात. पेनाने खुणा करू नका.

बाजूच्या शिवणीवर किंवा कडेवर विसंबू नका. तिरुपूरहून येणाऱ्या गोल गळ्याच्या बऱ्याच टी-शर्टांना बाजूला शिवणच नसते, कापड नळीसारखे विणलेले असते आणि ते थोडे पिळलेले असू शकते. कॉलर आणि काखा हेच खरे आधार.

मोठ्यांच्या टी-शर्टवर पुढचे मोठे डिझाइन १० ते ११ इंच रुंद, कॉलरच्या पट्टीखाली अडीच ते तीन इंचांवर. मागचे ११ ते १२ इंच रुंद, मागच्या कॉलरखाली ४ इंचांच्या आसपास. मागचा गळा वर असतो, पुढचा खोल असतो. दोन्हींकडे कॉलरपासून एकच माप घेतले तर मागचे डिझाइन मानगुटीवर चढल्यासारखे दिसते. खेळाडूंचा पाठीवरचा नंबर ८ ते १० इंच उंच, त्याच्या वर नाव साधारण २ इंच.

छातीवरचा लोगो ३ ते ४ इंच रुंद. त्याचा मध्य घडीपासून साधारण ४ इंच बाजूला आणि खांद्याच्या शिवणीपासून ७ ते ८ इंच खाली. डावी छाती म्हणजे घालणाऱ्याची डावी. टी-शर्ट समोर पसरला असताना ती आपल्या उजव्या हाताला येते. मशीनवर चिठ्ठी लिहून चिकटवण्याइतके हे महत्त्वाचे आहे.

लहान मुलांच्या टी-शर्टला हेच डिझाइन ७ ते ८ इंचांवर आणा. आणि एक्सएल-डबल एक्सएललाही तोच आकार चालतो का, ते एकदा पसरून बघा. मोठ्या पाठीवर दहा इंचांचे नाव हरवून जाते.

आधी पाठ

पाठ आधी का? मोठे डिझाइन दाबायला पूर्ण प्लेट लागते, म्हणजे पूर्ण टी-शर्ट तापतो. छातीचा लोगो आधी लावला असेल तर तो या मोठ्या उष्णतेत सापडतो. उलट लोगो नंतर दाबायचा असला, की टी-शर्ट सरकवून फक्त छातीचा तेवढा भाग प्लेटवर घेता येतो आणि पाठीवरची बरीचशी छपाई प्लेटच्या बाहेर राहते. शिवाय पुढची बाजू लोकांच्या नजरेसमोर असते. ती एकदाच तापलेली बरी. दोन्ही बाजूंना सारखेच मोठे डिझाइन असेल तरी पाठच आधी.

मशीन ठरल्या तापमानाला आले की टी-शर्ट प्लेटवर चढवा, उशीला अभ्रा घालतात तसा. पाठ वर, पुढची बाजू प्लेटच्या खाली लोंबती. आता प्लेटवर कापडाचा एकच पदर आहे. कॉलर, खांद्याची शिवण, काखेची जाड शिवण प्लेटच्या कडेबाहेर जाऊ द्या. शिवण प्लेटवर राहिली तर वरची प्लेट तिच्यावर टेकते आणि डिझाइनवर दाबच पडत नाही. लोक तापमान वाढवत राहतात, पण कारण शिवणीत असते.

चिकट रोलर फिरवा. मग ट्रान्स्फर न ठेवता मशीन ४-५ सेकंद बंद करा; हा कोरडा दाब. कापडातली ओल उडते, सुरकुत्या जातात. प्लेट उघडताना वाफ दिसली तर थोडे थांबून पुन्हा एकदा दाबा. ओल्या कापडावर दाबलेल्या फिल्मखाली वाफ अडकते आणि बारीक फोड येतात.

ट्रान्स्फर मध्यरेषेवर ठेवा. डिझाइनचा मध्य फिल्मच्या मध्याशी जुळतोच असे नाही, म्हणून फिल्मच्या कडेवरून नव्हे, चित्रावरून माप घ्या. वर बटर पेपर. मशीन बंद. वेळ संपली की घाई न करता, प्लेटला धक्का न देता उघडा.

फिल्म काढण्याचे दोन प्रकार आहेत. गरम असतानाच निघणारी फिल्म लगेच, एका कोपऱ्यातून, कापडाला जवळजवळ समांतर धरून एका दमात ओढायची. थंड झाल्यावर निघणाऱ्या फिल्मला पूर्ण थंड होऊ द्यायचे. हाताला कोमट लागली तरी नाही. त्यासाठी शेजारी कडप्प्याची एक लादी ठेवावी. टी-शर्ट फिल्मसकट अलगद काढून त्यावर पसरला की अर्ध्या मिनिटात निवतो आणि मशीन मोकळे होते. फिल्म ओढताना डिझाइनचा एखादा बिंदू वर उचलला जातो आहे असे दिसले तर तिथेच थांबा, फिल्म परत खाली टेकवा आणि पुन्हा दाबा.

फिल्म निघाली की पुन्हा एकदा बटर पेपर ठेवून ५ ते ८ सेकंदांचा शेवटचा दाब. यानेच छपाई धाग्यात बसते, कडा बंद होतात. बटर पेपरने मॅट पृष्ठभाग येतो, टेफ्लॉनने चमक. दोन्ही बाजूंना एकच वापरा, नाहीतर पाठ चकाकते आणि छाती मंद दिसते. पाठीचा हा शेवटचा दाब आत्ताच उरकून घ्या; शेवटी दोन्ही एकदम करू म्हणून मागे ठेवू नका.

मग छाती

पाठ पूर्ण थंड झाली पाहिजे. तळहात ठेवून बघा. गरम छपाई दुमडली किंवा प्लेटखाली घासली तर तिथे घडी कायमची बसते.

टी-शर्ट आता पुढची बाजू वर करून चढवा. पाठीची छपाई प्लेटच्या खाली गेली. इथे एक बारीक धोका आहे. वीस-पंचवीस टी-शर्ट सलग झाले की खालची प्लेटही चांगली तापते आणि तिच्या धातूच्या बुडाला पाठीवरची छपाई टेकून राहते. छपाई आणि प्लेटचे बूड यांच्यामध्ये टेफ्लॉन शीट असू द्या, किंवा शीट बुडाला कायमचीच टेप लावून बसवा. मध्ये मशीन उघडे ठेवून खालची प्लेट निवू द्या. रिकामे मशीन बंद करून ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण तेव्हाच खालची गादी सर्वांत जास्त तापते.

फक्त लोगो असेल तर छातीचा तेवढाच भाग प्लेटवर घ्या. कॉलरचा किंवा बटणपट्टीचा टी-शर्ट असेल तर लोगोच्या खाली, टी-शर्टच्या आत फोमची उशी सरकवा म्हणजे बटणे खाली बसतात आणि लोगोला सपाट दाब मिळतो. बाकी क्रम पाठीसारखाच: रोलर, कोरडा दाब, ट्रान्स्फर, बटर पेपर, फिल्म, शेवटचा दाब.

प्लेटखाली जागाच नसेल तर

टी-शर्ट चढवता येत नाही, दोन्ही पदर एकावर एक ठेवावे लागतात, तेव्हा तीन कागद लागतात. खालच्या गादीवर एक स्वच्छ बटर पेपर, पहिली छपाई त्यावर पालथी. टी-शर्टच्या आत, दोन पदरांच्या मध्ये, टेफ्लॉन शीट. तिच्याखाली पातळ पुठ्ठा किंवा फोमची शीट घातली तर उष्णता खाली कमी पोहोचते. आणि वर नेहमीचा कागद. वेळ शक्य तितका खालच्या आकड्यावर ठेवा, १५ ऐवजी १० सेकंद. दाबून झाल्यावर टी-शर्ट एकदम उचलू नका. खालचा बटर पेपर छपाईला धरलेला असू शकतो. तो थंड झाल्यावर आपोआप सुटतो.

सब्लिमेशनला हे कागद आणखी महत्त्वाचे. तिथे शाईचा वायू कापडातून आरपार जातो आणि मागच्या पदरावर पुसट सावली पाडतो. आधी छापलेली बाजूही दुसऱ्यांदा तापली की थोडी शाई पुन्हा सोडते. ती खालच्या गादीत बसते आणि पुढच्या पांढऱ्या टी-शर्टवर निळसर डाग म्हणून उगवते. म्हणून सब्लिमेशनला प्रत्येक वेळी नवा कागद, वापरलेला उलटा करून नव्हे. आणि चित्राचा कागद टेपने बांधा, नाहीतर प्लेट उघडताना तो सरकतो आणि अक्षरांना दुहेरी कडा येतात.

गठ्ठ्याचे काम

शंभर टी-शर्टांची ऑर्डर असेल तर एकेक टी-शर्ट पूर्ण करत बसू नका. साइजप्रमाणे ढीग लावा, सगळ्या पाठी आधी उरका, मग सगळ्या छात्या. पहिली पाठ थंड व्हायला आपोआप भरपूर वेळ मिळतो आणि तापमान-दाब सारखा बदलावा लागत नाही. मात्र गरम टी-शर्ट एकावर एक रचू नका. छपाईला छपाई चिकटते आणि सोडवताना दोन्ही जातात. निवल्यावर प्रत्येकामध्ये बटर पेपरचा तुकडा घाला.

नावे आणि नंबर वेगवेगळे असतील तर प्रत्येक टी-शर्टच्या कॉलरला चिठ्ठी टाचा: साइज, पाठीवरचे नाव, नंबर. नावांची यादी समोर भिंतीवर हवी आणि झालेल्या नावावर लगेच रेघ मारायची. कबड्डीच्या संघात एकाच आडनावाचे तीन-चार भाऊ असतात, तिथे नंबराशी नाव जुळवूनच फिल्म उचला.

सलग कामात वरच्या प्लेटचे तापमानही उतरते. आकडा पाच-सात अंशांनी खाली दिसला तर तो पुन्हा वर येईपर्यंत थांबा. व्होल्टेज कमी असते तेव्हा हे थांबणे वाढते, ते धरूनच वेळ सांगावा. वळीव कोसळू लागला की लाईट जाते, आणि शिवजयंतीचे काम नेमके त्याच दिवसांत असते. वरची प्लेट खाली दाबलेली असताना वीज गेली तर टायमर वाजण्याची वाट बघू नका. हाताने उघडा, टी-शर्ट काढा, पण फिल्म तशीच राहू द्या. वीज आली, तापमान आले, की पूर्ण वेळ पुन्हा दाबा.

पावसाळ्यात

खानापूरकडे पावसाळ्यात महिना-महिना ऊन दिसत नाही, आणि गणपतीचे टी-शर्ट त्याच हवेत छापायचे असतात. कपाटात ठेवलेला, हाताला कोरडा लागणारा कपडाही ओल धरून असतो. या दिवसांत कोरडा दाब दोनदा द्या. फिल्मची पावडरही ओल ओढते. मग ती कापडाला धरायला कुरकुरते, कडा उचलते. आलेली फिल्म लगेच जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, हवा काढून ठेवा, आणि जेवढी लागेल तेवढीच बाहेर काढा. फिल्म सादळली असेल तर कापडावर ठेवण्यापूर्वी, गोंदाची बाजू वर करून, तापलेल्या वरच्या प्लेटखाली न टेकवता काही सेकंद धरा. हात प्लेटला लागणार नाही एवढे बघा.

देण्यापूर्वी

निवलेली छपाई दोन्ही हातांनी आडवी ताणून बघा. तडा गेला किंवा कड उचलली तर दाब किंवा वेळ कमी पडला आहे. बटर पेपर ठेवून पुन्हा दाबा, टी-शर्ट चढवूनच. पॉलिस्टरवर प्लेटच्या कडेचा चकचकीत चौकोन उमटला असेल तर वाफेच्या इस्त्रीने तो बराच जातो. पाठीची छपाई खास बघा, कारण तिच्यावर दुसऱ्या बाजूचे सगळे ओझे पडून गेलेले असते: गादीचा पोत, चिकटलेले धागे, दुमड. डाग दिसला तर तो गिऱ्हाइकाने दाखवण्यापूर्वी आपण दाखवावा.

पहिले धुणे २४ तासांनंतर, टी-शर्ट उलटा करून, साध्या पाण्यात. छपाईवर ब्रश नको, थेट इस्त्री नको, ड्रायर नको. हे चार शब्द छोट्या चिठ्ठीवर छापून प्रत्येक टी-शर्टबरोबर द्या, आणि सीमाभागातली ऑर्डर असेल तर चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मोठ्या ऑर्डरीत प्रत्येक साइजचा एकेक टी-शर्ट आणि दोन्ही बाजूंची थोडी फिल्म जास्तीची काढून ठेवा. मिरवणुकीच्या आदल्या रात्री कोणीतरी हमखास येतो, "काका, एक एक्सएल राहिला की ओ," म्हणून, आणि त्या वेळी फिल्म छापून देणारे दुकान उघडे नसते.